कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आई-बाबांना घरी आणताना: मुंबईतल्या घरात शुश्रूषा कशी लावावी

डिस्चार्जची तारीख कळली की बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो नर्सिंग ब्युरोला. "उद्यापासून चोवीस तासांची बाई मिळेल का?" पलीकडून दर सांगितला जातो आणि पेशंटचं वजन विचारलं जातं. वजन कशाला, तर उचलावं लागेल म्हणून. नाकात नळी आहे का, पोटावर बॅग आहे का, ड्रेन (जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी आणि डबी) अजून आहे का, इंजेक्शनं किती, हे ब्युरोवाला विचारत नाही आणि आपल्यालाही धड ठाऊक नसतं. मग आलेली बाई म्हणते, "नळीतून भरवायचं मला जमत नाही हं," आणि रात्री नऊला पुन्हा फोनाफोनी सुरू.

म्हणून आधी कामांची यादी करा, मग माणूस शोधा. यादी करताना पुढच्या उपचाराची तारीख डोळ्यांसमोर ठेवा. ऑपरेशन झालं की घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं, पण काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आल्यावर रेडिएशन किंवा केमो लागणार का हे ठरतं, आणि लागणार असेल तर त्याला फार उशीर चालत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कटाक्ष असतो. तोवर जखम भरलेली हवी, वजन टिकलेलं हवं, तोंड किंवा खांदा हलता झालेला हवा. घरातल्या सगळ्या धावपळीचा रोख या तीन गोष्टींकडे असू द्या.

डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

वॉर्डातल्या सिस्टर कामाच्या गराड्यात असतात, तरी सकाळच्या राउंडनंतर थोडी उसंत मिळते. तेव्हा जाऊन सांगा, "सिस्टर, घरी जे करायचं आहे ते मला एकदा दाखवा आणि मग माझ्याकडून करून घ्या." नुसतं बघून काही येत नाही. ड्रेनची डबी रिकामी करणं, नळीतून फीड (पातळ अन्न) देणं, स्टोमाची (पोटावर आतड्याचं जे तोंड काढतात त्याची) बॅग बदलणं, पोटात इंजेक्शन टोचणं, यातलं जे तुमच्या वाट्याला येणार आहे ते सिस्टरच्या देखत स्वतःच्या हाताने एकदा तरी करा. त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. घरातल्या दोघांनी शिकावं. एकच जण शिकला आणि नेमका तोच तापाने आडवा झाला, असं होतं.

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा. टाके किंवा स्टेपल कधी काढायचे, ड्रेसिंग कोण आणि किती दिवसांनी करणार, अंघोळ कधी, ड्रेन कधी निघणार, रिपोर्ट कधी आणि कुठून घ्यायचा, बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या चालू आणि कुठल्या बंद. रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती पुन्हा कधी सुरू करायची हे हमखास विचारा. कार्डावर ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, तेही तिथेच लिहून घ्या. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये उपचार असतील तर पेशंटचा फाइल नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, कारण तिथे सगळं त्या नंबरावरून उघडतं.

शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी डिस्चार्ज घेऊ नका. इन्शुरन्सची मंजुरी येईपर्यंत दिवस मावळतो, ब्युरोतलं कोणी फोन उचलत नाही आणि नळीचा पन्नास मिलीचा सिरिंज कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. पहिल्या रात्रीची औषधं आणि सामान हॉस्पिटलच्या दुकानातूनच घेऊन निघा.

मुंबईबाहेरचं कुटुंब असेल तर ड्रेन आणि टाके निघेपर्यंत इथेच राहिलेलं बरं. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा जागा याच कामासाठी आहेत. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटलात की कुठे जागा आहे आणि कसली चिठ्ठी लागते ते कळतं.

सिस्टर, ब्रदर की मावशी?

ब्युरोच्या भाषेत सगळ्याच 'सिस्टर' असतात, त्यामुळे नीट विचारून घ्यावं लागतं. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली नर्स महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली असते. सलाइन, इंजेक्शन, ट्रॅकिओस्टॉमीचं (श्वासासाठी घशात बसवलेल्या ट्यूबचं) सक्शन म्हणजे मशीनने कफ ओढून काढणं, ड्रेसिंग ही तिची कामं. मावशी किंवा वॉर्डबॉय अंघोळ घालतात, कूस बदलतात, बेडपॅन देतात, भरवतात, हात धरून चालवतात. दोघांच्या दरात चांगलाच फरक असतो.

माझं स्पष्ट मत असं की बहुतेक घरांना चोवीस तास नर्स लागत नाही. दिवसातून एकदा येऊन ड्रेसिंग आणि इंजेक्शन करून जाणारी सिस्टर, आणि बारा तासांची एक अनुभवी मावशी, एवढ्यावर काम निभतं. बारा तास दिवसाचे घ्यायचे की रात्रीचे? घरात दिवसा माणूस असेल तर रात्रीचे घ्या. ज्याला सकाळी आठ-बाराची लोकल पकडायची आहे त्याने रात्रभर जागू नये. अपवाद ट्रॅकिओस्टॉमीचा. घशात ट्यूब असेल आणि घरातल्या कोणाचाही सक्शनवर हात बसलेला नसेल तर पहिले काही दिवस शिकलेली नर्स रात्रंदिवस ठेवा. तिथे पैसे वाचवू नयेत.

ब्युरोशी बोलताना हे विचारा: अशा पेशंटचं काम या बाईने आधी केलंय का, तिची सुट्टी कधी, सुट्टीला बदली बाई कोण देणार, पटलं नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, ॲडव्हान्स परत मिळतो का, जेवण-चहा कोणाचा. आधार कार्डाची प्रत घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. ती आल्यावर पहिल्या तासात तिला एकच काम करायला सांगून शेजारी उभं राहा. ड्रेनला हात लावण्याआधी ती साबणाने हात धुते का, एवढंच बघा. न सांगता धुतले तर बाकीचं शिकवता येतं.

मुंबईची स्वतःची एक अडचण आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो, जुलैत रुळांवर पाणी भरतं, आणि सकाळी आठची बदली साडेदहापर्यंत उगवत नाही. रात्रपाळीची बाई बिचारी थांबते, पण तिलाही विरार किंवा अंबरनाथला पोचायचं असतं. दोन पाळ्यांच्या मध्ये घरचा माणूस एकटा सांभाळू शकेल अशी तयारी हवीच. जवळपास राहणारी मावशी मिळाली तर थोडी कमी शिकलेली असली तरी चालेल. सोसायटीच्या गेटवर तिचं नाव आधी नोंदवा, आणि तिला बसायला-पडायला नीट जागा, वेळेवर जेवण द्या. ती टिकली तरच घडी बसते.

घर आणि सामान

चौथ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, किंवा लिफ्ट आहे पण स्ट्रेचर मावत नाही, हे ॲम्ब्युलन्स दारात आल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला आधीच सांगितलं तर तो खुर्ची आणि दोन माणसं जास्तीची आणतो. पोटाचं मोठं ऑपरेशन असेल आणि तळमजल्यावर एखाद्या आत्याचं-मामाचं घर असेल तर पहिले पंधरा दिवस तिथे काढायला संकोच करू नका. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर कमोडची खुर्ची ही पहिली खरेदी.

फाउलर बेड (डोकं-पाय वर-खाली करता येणारी हॉस्पिटलसारखी कॉट) सगळ्यांना लागत नाही. नाकात नळी असलेल्याला डोक्याकडून उंच करता येणारी कॉट लागते, पोट उघडलेल्याला उठायला सोपं जातं. स्तनाच्या ऑपरेशनला साधी कॉट आणि तीन उश्या पुरतात. कॉट, वॉकर, कमोड खुर्ची, सक्शन मशीन हे सगळं भाड्याने मिळतं. त्याआधी आपल्या भागातलं गणेशोत्सव मंडळ, पक्षाची शाखा, ज्येष्ठ नागरिक संघ यांना विचारा. रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिट घेऊन फुकट देणारी मंडळं मुंबईत बरीच आहेत. सक्शन मशीन मात्र घेताना चालवून बघा.

कॉट खिडकीजवळ लावा, म्हणजे दिवस-रात्र कळते. वय जास्त असेल तर भूल आणि हॉस्पिटलच्या मुक्कामानंतर काही जण रात्री गोंधळतात, माणसं ओळखत नाहीत, नळी ओढतात. चष्मा, कानाचं यंत्र, समोर घड्याळ आणि दिवसा उजेड यांनी बराच फरक पडतो. अचानक फारच गोंधळ झाला तर मात्र डॉक्टरांना कळवा. त्यामागे संसर्ग किंवा क्षार कमी होणं असू शकतं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या हाताशी देवघरातली छोटी घंटा आणि एक पाटी ठेवा. मोबाइलवर टाइप करणं अशा वेळी नको होतं, घंटा लगेच वाजवता येते.

रोजची कामं, जरा बारकाईने

एक दोनशे पानी वही करा. तारीख, ताप, ड्रेनचं माप, फीड किती गेलं, लघवी-शौच, औषधांवर टिक. सगळ्यांनी त्यातच लिहायचं, मावशींनीसुद्धा. फॉलोअपला डॉक्टर ही वही आनंदाने बघतात.

ड्रेन रोज एकाच वेळी मोजा. डबी जखमेच्या पातळीच्या खाली ठेवा, रिकामी केल्यावर पुन्हा दाबून बंद करा, नाहीतर ओढ राहत नाही. रंग लालसरवरून पिवळसर पाण्यासारखा होत जातो आणि माप उतरत जातं. चोवीस तासांत २० ते ३० मिलीच्या खाली आलं की बहुधा काढतात, पण ते सर्जन ठरवतील. एकदम ताजं लाल रक्त येणं, किंवा माप अचानक शून्य होऊन तिथे सूज येणं, दोन्ही कळवायच्या गोष्टी. मानेच्या ऑपरेशननंतर ड्रेनमध्ये दुधासारखं पांढरट दिसलं तर त्याच दिवशी फोन करा.

नाकातल्या नळीतून फीड देताना पेशंट निदान पाठ टेकून अर्धा बसलेला हवा. नाकाजवळ नळीवर जी खूण किंवा आकडा आहे तो जागेवर आहे ना हे आधी पाहा. सिरिंजचा दांडा काढून टाका, नळीला लावा, आधी थोडं पाणी, मग फीड आपल्या आपण उतरू द्या. दांड्याने ढकलू नका. एका वेळी २०० ते २५० मिली, साधारण दोन-दोन तासांनी, शेवटी पुन्हा ३० ते ५० मिली पाणी. त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. मिक्सरमधून काढलेलं दोनदा गाळा, एकदा मोठ्या आणि एकदा चहाच्या गाळणीने, कारण मुगाचं एक सालही नळी तुंबवायला पुरतं. सगळ्या गोळ्या कुटून देता येत नाहीत; काहींवर मुद्दाम लेप असतो, तेव्हा केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या. नळी बाहेर आली तर घरी परत घालायची नाही, मावशी कितीही म्हणोत "मी घातलीय खूप जणांना". तोंडात-घशात ताजे टाके असतात.

पोटावर बॅग असेल तर ती तृतीयांश-अर्धी भरली की रिकामी करा. भरू दिली तर वजनाने सुटते. स्टोमा लालसर आणि ओलसर दिसायला हवा. काळपट किंवा जांभळा दिसला तर लगेच हॉस्पिटल गाठा. बॅगेच्या चिकट पट्टीचं भोक स्टोमापेक्षा दोनेक मिलिमीटरच मोठं कापा, नाहीतर भोवतालची कातडी सोलवटते. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि क्षार भराभर जातात, ओआरएसबद्दल विचारून ठेवा. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईतच आहे. बॅग लावून वर्षानुवर्षं नोकरी-संसार करणाऱ्या माणसाशी बाबांची गाठ घालून दिली तर आपल्या समजावण्यापेक्षा ते जास्त पोचतं.

पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं देतात, पुष्कळदा चार आठवडे. बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज बाजू बदलून, टोचल्यावर चोळायचं नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरकडे किंवा हॉस्पिटलात द्या. कचऱ्यात उघड्या टाकल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

दुखण्याच्या गोळ्या पहिले काही दिवस घड्याळाप्रमाणे द्या. आपली पिढीच्या पिढी "सहन होतंय, कशाला गोळी" म्हणणारी. पण दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, चालत नाही, आणि मग छातीत कफ साठतो. ट्रमाडॉल किंवा मॉर्फिन चालू असेल तर शौचाला घट्ट होणारच. त्याचं औषध सोबत मागून घ्या. दुखण्याच्या कॉम्बिनेशन गोळीत (एकात दोन औषधं असलेल्या) बऱ्याचदा पॅरासिटॅमॉल असतं, म्हणून तापासाठी वेगळी गोळी देताना डोस मोजा.

आणि व्यायाम. इथेच सगळ्यात जास्त टंगळमंगळ होते. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र हॉस्पिटलातून येतं आणि टीव्हीवर शोभेला बसतं. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात डोक्यावर नेता आला पाहिजे, कारण रेडिएशनच्या वेळी हात वर करूनच झोपवतात. भिंतीवर बोटं चालवत रोज थोडं वर, आणि काल कुठपर्यंत गेली तिथे पेन्सिलची रेघ. तोंडाच्या ऑपरेशननंतर जबडा आखडतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक वाढवायची. कधी सुरू करायचं ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

खाणं आणि भेटायला येणारे

"टाक्यांना भात देऊ नका, पू होतो." "आंबट नको, चिघळेल." "तुरीची डाळ वातूळ." हे सांगणाऱ्या काकू भेटतातच. भाताने पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि डाळ बंद केली तर तीच जातात. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर मऊ खिचडी, वरण, अंडं, पनीर, दही, नाचणीची पेज, मासे खाणाऱ्या घरात काटे काढलेला मऊ मासा, सगळं चालतं. थोडं थोडं, पण दिवसातून सहा-सात वेळा. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. सारखं उतरत असेल तर पुढच्या फॉलोअपची वाट न बघता डाएटिशियनला गाठा. मुळव्याधीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर चालणारा काढा कोणी आणून दिला तर हसून ठेवून घ्या, देऊ मात्र नका; केमोच्या काळात यकृतावर त्याचा भार पडू शकतो. आई-बाबा आधीपासूनच घेत असतील तर डॉक्टरांना सांगा.

भेटायला येणाऱ्यांसाठी संध्याकाळचा एक तास ठरवा. सर्दी-खोकलेवाल्यांना दारातूनच नमस्कार. मदत विचारणाऱ्याला काम द्या: एकाने मंगळवारचा डबा, एकाने बँकेचं काम. परदेशातल्या भावाने फोनवर काळजी करत बसण्यापेक्षा इन्शुरन्सचे कागद, औषधांच्या ऑनलाइन ऑर्डरी आणि ब्युरोचे फोन अंगावर घ्यावेत. हे सगळं न्यू जर्सीतून होतं. न बोलता सगळं सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर येऊन पडतं, म्हणून वाटणी कागदावर झालेली बरी.

लगेच हालचाल करायच्या वेळा

फ्रिजवर लावा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. जखमेतून पू, वास किंवा रक्त. श्वास अचानक लागणं, छातीत दुखणं. एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं. सतत उलट्या किंवा पोट फुगून गॅससुद्धा न जाणं. आठ-दहा तास लघवी न होणं. ट्रॅकिओस्टॉमी ट्यूब तुंबणं किंवा निघणं. १०८ ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात फुकट आहे. पण बोरिवलीहून परळ ट्रॅफिकमध्ये किती लांब आहे हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा श्वासाची गडबड असेल तर आयसीयू असलेलं घराजवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आधीच ठरवून, तिथे फोन करून ठेवा.

पैसे

थोडक्यात. मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च बहुधा ६० किंवा ९० दिवस मिळतो. औषधं, तपासण्या, ड्रेसिंग, प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मावशीचा पगार सहसा त्यात बसत नाही, तो स्वतःचा धरून चाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर पुढचं रेडिएशन-केमो त्यातच बसतं का, हे डिस्चार्जआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (या योजनेच्या मदतनिसाला) विचारा.

मदत कमी करत नेणं

ड्रेन निघाला, टाके निघाले, माणूस स्वतः बाथरूमला जाऊ लागला की रात्रीची मावशी आधी कमी करा. काही घरांत सवयीने ती महिनोन्‌महिने राहते आणि बाबा चालायचे ते चालेनासे होतात. पॅथॉलॉजी रिपोर्ट तयार झाला की लगेच घ्या आणि पुढची अपॉइंटमेंट त्याच दिवशी ठरवा. तोंडाला रेडिएशन मिळणार असेल तर त्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवणं आवश्यक आहे. काढायचे दात आधी काढून जखम भरावी लागते, आणि यातच आठवडे निसटतात.

रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस असतं, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास चालतं. म्हणजे आता रात्रीपेक्षा दिवसा सोबत जाणारं माणूस लागेल, आणि रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च मावशीच्या पगाराइतका होऊ शकतो. सकाळी उशिराचा किंवा दुपारचा स्लॉट मिळतो का ते विचारा, गर्दी टळते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं, आणि उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात पेशंटला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलतही आहे. त्यासाठीचा रेल्वेचा ठरावीक नमुन्यातला दाखला हॉस्पिटलातून भरून, सही-शिक्क्यासह घ्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.